काकूंना काय सांगू?

प्रश्न : मावशी, सप्रेम जय ख्रिस्त. मी मिरजेत नर्स आहे, राहायला सांगलीत. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा' या वचनावर उपदेश झाला. वर्षभरात एकालाही येशूची सुवार्ता सांगितली नसेल तर आपला विश्वास तपासून पाहा, असं सांगितलं गेलं. मी घरी येऊन रडले. शेजारच्या काकू माळकरी आहेत, पहाटे हरिपाठ म्हणतात. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले. त्यांना मी काय सांगू? बोलले तर नातं तुटेल, गप्प बसले तर देवाची अपराधी होईन. आणि देवाला त्या आवडत नसतील का हो?
– एक बहीण, सांगली

उत्तर : आवडतात, बाळ. तू त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलीस त्याच्या कितीतरी आधीपासून आवडतात.

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, की देव आधी इस्राएलाचा होता, मग ख्रिस्ती लोकांचा झाला आणि बाकीच्या जगाची आठवण त्याला अगदी शेवटी झाली. आपलं पवित्र शास्त्र, बायबल, तसं सांगत नाही. अब्राहामाला बोलावलं तेव्हाच, उत्पत्तीच्या १२ व्या अध्यायात, देवानं पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांचं नाव काढलं. आमोस ९:७ उघडून बघ. इस्राएलाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून मीच आणलं ना, असं देव विचारतो. पलिष्टी म्हणजे इस्राएलाचे हाडवैरी, पण त्यांची वाटचालही त्याच्याच हातात होती. आणि येशूनं शिष्यांना जिथवर जायला सांगितलं तो 'पृथ्वीचा शेवट', यरुशलेमेत उभं राहून पाहिलं तर, म्हणजे आपली सांगली-मिरजच की. कॅनडात जन्मलेले डॉ. वॉन्लेस इथं आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं, तेव्हा त्यांच्या लेखी ती दूरची राष्ट्रं आपणच होतो.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बायबलमधला योना संदेष्टा, आणि त्याला कारण आपली कृष्णा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मंडळीच्या हॉलमध्ये आम्ही पूरग्रस्तांची सोय केली होती. मी भाकऱ्या थापायला होते. नदीकाठच्या गावातली एक आजी आली. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं आणि काखेत शेळीचं करडू. करडू ठेवा म्हटल्यावर ती बोटीतच बसेना, म्हणून शेवटी दोघांनाही आणलं होतं. हॉलमध्ये कुणीतरी कुरकुरलं, इथं माणसांनाच जागा पुरेना. आजी भिंतीला टेकली, हातात भाकरी आली तसा आधी एक तुकडा मोडून करडापुढं धरला आणि मग स्वतः खाल्ली.

त्या रात्री मी योनाचं पुस्तक काढलं. देवानं योनाला अश्शूरी लोकांच्या निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलं. योनाला निनवेचा राग होता आणि तो उगाच नव्हता. अश्शूरी लोकांची क्रूरता सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून तर तो तिकडं न जाता याफोला जाऊन तार्शीशचं जहाज धरतो. पुढं तिथले लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचतं, तर हा बाहेर बसून रुसतो. देव त्याला म्हणतो, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून जास्त माणसं तिथं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरं. त्यांची मला काळजी वाटू नये का? पुस्तक तिथंच थांबतं, गुरांवर. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. निनवेतली गुरं ज्याच्या ध्यानात राहिली, त्याला तुझ्या काकू दिसत नसतील?

त्याच हॉलमध्ये आमचा वादही झाला. तरुण संघातल्या दोघांना शिध्याच्या पिशवीत सुवार्तेची पत्रकं घालायची होती. मी घालू दिली नाहीत. भुकेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही, अशा वेळी त्याच्या हातात पत्रक ठेवणं मला आजही पटत नाही. पोरं रागावली. पण दोन दिवसांनी आजीनंच विचारलं, "बाई, तुमास्नी ह्ये कराय कोन सांगतं?" तेव्हा मात्र मी आढेवेढे घेतले नाहीत. येशूचं नाव सांगितलं, त्यानं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट सांगितली. "पाय धुतलं? देवानं?" एवढं बोलून ती करडाच्या पाठीवरून हात फिरवत बसली. पाणी उतरल्यावर ती गावी गेली. पुढं तिच्या मनात काय झालं ते देव जाणे.

मन पालटणं पवित्र आत्म्याचं काम आहे. घटनेच्या कलम २५ नं धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला, आणि दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं. मला त्यात काही अडचण वाटत नाही.

पण गप्प बसणं म्हणजे आदर, असंही समजू नकोस. मी पुष्कळ वर्षं तसं समजले. रात्रपाळीला माझ्याबरोबर असणाऱ्या मैत्रिणीनं एकदा विचारलं होतं, "तू प्रार्थना करतेस ती खरंच कुणी ऐकतं का गं?" मी "ऐकत असेल" म्हणून सलाईन बदलायला उठले. ती गेल्यावर तिच्या मुलीकडून कळलं, की आजारपणात ती हाच प्रश्न घरात सगळ्यांना विचारत होती. ते मला अजून लागून आहे.

कर्नेल्य या रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याची गोष्ट वाच, प्रेषितांची कृत्ये १०. येशूचा शिष्य पेत्र पोचण्याआधीच कर्नेल्याच्या प्रार्थना देवापुढं पोचल्या होत्या. तरी पेत्राला बोलावून घ्यावंच लागलं. काकूंचा हरिपाठ ऐकताना हे दोन्ही मनात असू दे. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणत. टिळकांच्या हाती नवा करार ठेवला तो आगगाडीतल्या एका अनोळखी प्रवाशानं. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१७ मध्ये आपल्या शेजारच्या साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना एकत्र बसता यावं म्हणून.

तेव्हा काकूंना गाठून उपदेश करू नकोस. एखाद्या दुपारी बाळाला घेऊन जा आणि हरिपाठातला कुठला अभंग त्यांना जवळचा वाटतो, ते विचार. त्या सांगतील ते मनापासून ऐक, आपली पाळी कधी येते याची वाट बघत नको. त्यांनी विचारलं, "आणि तुझं गं?" तर बाळंतपणाच्या त्या रात्रींत तू कुणाला हाक मारलीस, ते सरळ सांग. नाही विचारलं, तर चहा पिऊन ये आणि त्यांच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना कर.

काय झालं ते मला लिही. आणि बाळाचं नाव काय ठेवलंस, तेही.