एलटीटीई (तमिळांसाठी वेगळं राष्ट्र मागणारी सशस्त्र संघटना) श्रीलंकेत फक्त लष्कराशी लढली, सामान्य माणसांना तिनं हात लावला नाही, हे खरं आहे का?

साफ खोटं. आमचे थोरले मेहुणे दर लग्नकार्यात हेच ऐकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्सुनामीनंतर घरबांधणीच्या कामासाठी मी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआला होतो. तिथून जवळच काट्टान्कुडी, मुसलमानांचं दाट वस्तीचं गाव. एकदा आमचा ड्रायव्हर तिथल्या मीरा जुम्मा मशिदीत नमाजाला थांबला. मी भारतातला आहे कळल्यावर एक म्हातारे गृहस्थ मनगट धरून मला आत घेऊन गेले. भिंतीतली गोळ्यांची भोकं मुद्दाम बुजवलेली नाहीत. काही तर पार गुडघ्याच्या उंचीला. नमाजात बसलेल्या, वाकलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्यावर दुसरीकडे कुठे पडणार?

3 ऑगस्ट 1990 ची रात्र, इशाची नमाज चालू होती. या मशिदीत आणि हुसैनिया मशिदीत एकाच वेळी हल्ला झाला. सुमारे 147 माणसं गेली, त्यात लहान पोरंही. म्हातारबाबा हे सगळं तमिळमधून सांगत होते. घरीदारी तमिळच बोलणारी माणसं ती, आणि मारणारे तमिळांचे कैवारी!

मेहुण्यांचं ठरलेलं उत्तर: 'ते लष्करानंच केलं.' एलटीटीईनं तेव्हा हात झटकले होते, त्यावर यांची सगळी भिस्त. मग त्याच ऑक्टोबरात उत्तर प्रांतातून 70 हजारांच्या आसपास मुसलमान कोणी हाकलले? जाफन्यात तर दोन तासांत निघा म्हणून फर्मावलं. ती चूक होती, हे 2002 मध्ये एलटीटीईचेच मुख्य वाटाघाटीकार अँटन बालसिंगम यांनी मान्य केलं.

तमिळांवर अन्याय झाला नाही, असं मी म्हणत नाही. 1956 चा सिंहलीलाच एकमेव राजभाषा करणारा कायदा, जुलै 1983 ची तमिळांची कत्तल, सगळं खरं. काट्टान्कुडीनंतर सव्वा महिन्यातच बट्टिकलोआजवळ सत्तुरुकोंडानला लष्करानं तमिळ गावकरी बायकापोरांसकट मारले, तेही तितकंच खरं. पण म्हणून नमाजाला बसलेली पोरं मारायची मुभा कुणाला मिळत नाही.

तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल, तर जाफना विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या मानवाधिकार गटाचे अहवाल वाचा. त्यांनी एलटीटीई, लष्कर आणि तिथे गेलेली आपली भारतीय शांतिसेना, कुणालाच सोडलेलं नाही. त्यांच्यातल्या राजनी तिराणगमा यांना 1989 मध्ये भर रस्त्यात गोळ्या घातल्या. मेहुण्यांना मी यातले दोन अहवाल छापून दिलेत, त्यांनी अजून वाचलेले नाहीत.