निवारा केंद्रं असताना माणसं फुटपाथवर का झोपतात?

मुंबईत पालिकेची निवारा केंद्रं आहेत, तरी माणसं फुटपाथवर का, आणि उपाय काय, असं तुम्ही विचारलंय. घरच्यांनी काढलेले म्हातारे, व्यसनी, मनोरुग्ण हे सगळे रस्त्यावर दिसतात, पण मी अख्ख्या कुटुंबांबद्दल लिहितो, कारण ती मला रोज भेटतात.

दादरला फुलबाजाराजवळ एक पारधी कुटुंब राहतं. आजी बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरकडून आली, नातवंडं इथंच फुटपाथवर जन्मली. पहाटे चारला सुटी फुलं घ्यायची, दुपारभर गजरे ओवायचे, संध्याकाळी सिग्नलला विकायचे. कामधंदा जवळ असतो म्हणून माणसं फुटपाथवर राहतात, हे सुप्रीम कोर्टानंही १९८५ सालीच ऑल्गा टेलिस खटल्यात मान्य केलंय. (नोटीस देऊन हटवायला मात्र परवानगी दिली!)

निवाऱ्याचं विचारलं तर सून म्हणाली, "नवरा एकीकडं, मी एकीकडं. पोरगा चौदाचा झालाय, त्याला कुठं धाडू? आन् गाठोडं कोण सांभाळंल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१० साली कोर्टानं सांगितलं, मोठ्या शहरांत लाखामागे एक निवारा, बारा महिने चोवीस तास. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. तेवढे झालेले नाहीत. पण नुसता आकडा गाठूनही भागणार नाही. निवारा कामाच्या जागेजवळ हवा, कुटुंब एकत्र राहील असा हवा आणि तिथं सामानाला कुलूप हवं. हे काही अवघड नाही. दादरलाच गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट नातेवाइकांसकट राहतात.

दुसरी अडचण कागदांची. अधूनमधून पालिकेची गाडी येते आणि ताडपत्री, भांडी, ट्रंक सगळं उचलून नेते. ट्रंकेत कागद असले तर तेही गेले. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत फुकट घर हवं तर १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा लागतो. तो दरवेळी ट्रंकेबरोबर जाणार असेल तर पात्र ठरायचं कसं? सून आता कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवते. पावसाळ्यात तेही भिजतात.

म्हणून मी त्यांच्या सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलेत. गेल्या वर्षी दोनदा प्रिंट काढून द्यावी लागली.