मलेरियाच्या परजीवीवर पीएचडी: पोट भरेल का?

प्रश्न: माझी मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय लाइफ सायन्स. मलेरियाचा परजीवी एमआरएनएवर ताबा ठेवून आपली जनुकं कशी चालवतो, यावरच पीएचडी करायची म्हणते. घरचे म्हणतात, एमबीए कर. एवढ्याशा विषयावर पोट भरेल का?
– एक आई, लालबाग

उत्तर: ताई, विषय एवढासा नाही. मलेरियाच्या परजीवीचं मादी रूप माणसाच्या रक्तात असतं, तेव्हाच पुढे डासात लागणारे एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं हा जनुकाचा निरोप नेणारे रेणू, बनवून ठेवतं. पण त्यांवरून प्रथिनं बनू देत नाही. डोझी नावाचं प्रथिन त्यांना अडवून धरतं. डासाच्या पोटात गेल्यावर ही अडवणूक उठते. उंदरांच्या मलेरियात २००६ साली डोझीचं जनुक काढून पाहिलं, तर परजीवीची डासातली वाढच खुंटली. म्हणजे रोगाचा फैलाव जिथे तोडता येईल अशी एक जागा सापडली. पावसाळ्यात आपल्या वस्त्यांमध्ये मलेरिया पाहिलेल्या मुलीला याची ओढ वाटते, हे मला फार मोलाचं वाटतं. काळा आजाराचा परजीवी लिशमानिया तर बहुतेक जनुकं एकेकटी चालू-बंद करूच शकत नाही. एमआरएनए किती काळ टिकतो, त्यावरून किती प्रथिन बनतं, यावरच त्याचा बराच कारभार चालतो.

हेच प्रश्न लस बनवणाऱ्यांपुढेही असतात. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या कोविडवरच्या एमआरएनए लसीला २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. म्हणून परजीवी कोणताही असो, आरएनए हाताळणं, सिक्वेन्सिंग (त्यातला अक्षरक्रम वाचणं) आणि संगणकावर त्याचं विश्लेषण हे तिचं खरं भांडवल. आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत्तापासून शिकू दे. आपल्याकडची जीवशास्त्राची मुलं इथेच मागे पडतात.

पैशांचं स्पष्ट सांगते. आधी एमएस्सी, त्यासाठी जॅम ही प्रवेश परीक्षा; किंवा टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेची जीबिल्स ही प्रवेश परीक्षा देऊन थेट इंटिग्रेटेड (एमएस्सीसकट) पीएचडी. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. प्राध्यापकाच्या कायम जागा मात्र कमी, हे तिला आजच माहीत असावं.

मलेरियाच्या परजीवीवर कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आणि पवईच्या आयआयटीत काम झालेलं आहे. तिथल्या किंवा आरएनएवर काम करणाऱ्या इतर प्राध्यापकांना तिने स्वतः ईमेल लिहून उन्हाळ्यात दोन महिने काम मागावं. प्रयोग चारदा फसूनही ती पाचव्यांदा उत्साहाने लॅबमध्ये गेली, तर तिला अडवू नका. मन उडालं, तर एमएस्सी करून औषध किंवा डायग्नोस्टिक्स कंपनीची वाट धरता येईल. एमबीए त्यानंतरही करता येतं.