कावळा बसला, की फांदीच कुजली होती?

‘टिपिंग पॉइंट’ हा शब्द हवामानाच्या बातम्यांतून आता सगळीकडे पसरला आहे. त्याबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न.

झपाट्याने होणारा कुठलाही बदल म्हणजे टिपिंग पॉइंट का? (सांगली)

नाही. बसचं भाडंही एका रात्रीत वाढतं. खूण अशी, की एका हद्दीनंतर आपण हात काढला तरी बदल आपोआप पुढे जातो. १८० सेंमी उंच आणि ४० सेंमी खोल कपाट घ्या. वजन सारखं भरलेलं असेल तर गुरुत्वमध्य ९० सेंमीवर येतो. असं कपाट पुढे साडेबारा अंशांपर्यंत कललं तरी सोडल्यावर मागे बसतं. त्यापुढे गेलं की स्वतःच्याच वजनाने पडतं. जाड पुस्तकं वरच्या कप्प्यांत रचून मध्य १२० सेंमीवर नेलात, तर ही हद्द साडेनऊ अंशांवर येते. मग मूल दाराला लोंबकळलं म्हणून कपाट पडलं, असं आपण म्हणतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! जड सामान खाली ठेवा आणि वरची कड पट्टी लावून भिंतीला स्क्रूने आवळा.

दूध चवीला चांगलं होतं, तापवताच नासलं. गॅस मोठा ठेवल्यामुळे का? (बारामती)

गॅसचा दोष नाही. ताज्या दुधाचा सामू (pH; आम्ल वाढलं की हा आकडा घटतो) ६.६ ते ६.७ असतो. केसिन या प्रथिनाचे कण ऋणभारित असल्यामुळे एकमेकांपासून दूर राहतात. जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे हा भार घटत जातो. खोलीच्या तापमानाला सामू ४.६ च्या आसपास येईपर्यंत दही नीट लागत नाही, पण उकळताना दूध ५.८ च्या आसपासच फुटतं. म्हणजे उष्णतेने हद्दच अलीकडे सरकते आणि जिभेला तोवर फारसं काही जाणवलेलं नसतं. डेअरीत परीक्षानळीत ५ मिलि दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात ५ मिनिटं धरतात आणि गुठळ्या दिसतात का ते बघतात. घरी शंका आली तर पळीत दोन चमचे उकळून बघा. कण दिसले तर सगळ्याचं पनीर करा. नंतर सोडा घालून दूध पुन्हा एकजीव होत नाही. नेहमीची चूक म्हणजे कालचं उरलेलं दूध ताज्यात ओतणं.

सांडपाणी थांबवूनही तलाव हिरवाच का राहतो? (कोल्हापूर)

कारण जाण्याची आणि येण्याची वाट एक नसते. नेदरलँड्समधल्या वेलुवेमेर या उथळ तलावात शेवाळाला पोसणारा, सांडपाण्यातून येणारा फॉस्फरस लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅमवर गेल्यावर पाणी गढूळ झालं. पण ते निवळायला तो ०.१ च्या खाली आणावा लागला. तळाच्या वनस्पती गाळ धरून ठेवतात. शेवाळाने उजेड अडवला की त्या मरतात, गाळ मोकळा होतो, तळ उकरणारे मासे तो ढवळतात आणि गाळात साठलेला फॉस्फरस पाण्यात परत येतो. म्हणून नुसता नाला वळवून भागत नाही. गाळ उपसणं, तळ उकरणारे मासे कमी करणं आणि पाणवनस्पती पुन्हा रुजवणं, हेही लागतं. पाण्यावर कारंजी बसवणं हे बहुतेक वेळा फोटोपुरतंच.

हद्द जवळ आल्याचं आधी कळतं का? (नाशिक)

तलावात काही वेळा कळतं. २० सेंमी व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर ही खोली पूर्वीइतकी व्हायला किती दिवस लागतात, ते मोजा. चाराचे आठ, आठाचे पंधरा होऊ लागले तर तलावाची सावरण्याची ताकद घटते आहे.

माणसांच्या जमावात मात्र असं मोजमाप फसतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं उदाहरण बघा. जमावात १०० माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न पाहता दगड उचलतो, दुसरा एकाला पाहून, तिसरा दोघांना पाहून, असं करत शेवटचा ९९ जणांना पाहून. सगळे १०० दंगलीत उतरतात. आता फक्त दुसऱ्याला एकाऐवजी दोघं दिसायला हवेत, एवढाच बदल करा. दंगल पहिल्या माणसावरच थांबते. उतरण्याआधी किती जण दिसायला हवेत, हा प्रत्येकाचा उंबरठा. या उंबरठ्यांची सरासरी ४९.५ वरून ४९.५१ झाली, इतकाच फरक. लोकांचा कल अजमावणाऱ्या पाहणीत तो दिसणारही नाही.