एका ओळीच्या बदलाला टेस्ट कशाला?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जँगोवर (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) मराठी लेखांची छोटी साइट बनवतोय. त्यातलं स्लगिफाय फंक्शन शीर्षकापासून लिंकेत घालायचा तुकडा, म्हणजे स्लग, बनवतं; त्याला युनिकोड (इंग्रजीबाहेरची अक्षरंही चालू देणारा पर्याय) चालू करून 'मराठी' दिलं तर 'मरठ' मिळतं, काना-वेलांटी गायब! मी जँगोच्याच कोडमध्ये एक ओळ बदलली, माझ्याकडे चाललं. आता पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल जँगोत घ्या अशी विनंती) टाकायचाय, पण रूममेट म्हणतो टेस्टशिवाय, म्हणजे बदल नीट चालतो का ते तपासणाऱ्या कोडशिवाय, कुणी बघणारच नाही. एका ओळीला टेस्ट?

उत्तर : रूममेट बरोबर बोलतोय, त्याला चहा पाज. आणि 'मरठ'चं काय घेऊन बसलास, 'पुणे', 'पेण' आणि 'पाणी' देऊन बघ, तिन्हींचं 'पण' होतं, म्हणजे तीन लेखांची एकच लिंक! दोष मुळात पायथनच्या रेगेक्सचा (मजकुरात नमुने शोधायची सोय), त्यातलं 'अक्षर किंवा आकडा' ओळखणारं चिन्ह बॅकस्लॅश-डब्ल्यू काना-मात्रा-उकाराला अक्षरच मानत नाही, आणि स्लगिफाय तेच वापरून 'नको ते' उडवतं.

आता टेस्ट. जँगोच्या टेस्ट्स फोल्डरमध्ये युटिल्स-टेस्ट्स आहे, त्यात टेस्ट-टेक्स्ट फाइल, तिथे स्लगिफायच्या ओळी आधीच मांडून ठेवल्यात : काय दिलं, काय मिळायला हवं, युनिकोड हो की नाही. तिथे 'पुणे' टाक, जोडाक्षरासाठी 'कृष्ण' टाक (सध्या 'कषण' होतो बिचारा), एखादा अनुस्वारवालाही टाक. मग तुझी बदललेली ओळ पुन्हा होती तशी करून रनटेस्ट्स (जँगोच्या टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट) चालव. टेस्ट फेल झालीच पाहिजे. मग बदल परत आण, आता पास व्हायला हवी, आणि जुन्या ओळीही. दोन्ही वेळा पास झाली तर ती टेस्ट काहीच तपासत नाहीये. डेटाबेसची भानगड नको, रनटेस्ट्स डिफॉल्टला एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसवरच चालतं.

पण खरी गंमत पुढे आहे. स्लगफील्डला (मॉडेलमधला स्लग साठवायचा रकाना) युनिकोड चालू केलंस तरी त्याचा व्हॅलिडेटर (आलेली किंमत तपासणारा कोड) तेच बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरतो, म्हणजे तुझा नीट झालेला 'पुणे' फॉर्म परत पाठवणार. आणि यूआरएलमधला स्लग कन्व्हर्टर (लिंकेतला तो तुकडा ओळखणारा नियम) तर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर घेतो. शिवाय ज्यांच्या साइटवर दर वेळी सेव्ह करताना स्लग नव्याने बनतो त्यांच्या जुन्या लिंका तुटतील, ते वेगळंच. म्हणून पीआरची घाई नको. कोड गिटहबवर असला तरी जँगोची तिकिटं (दोष आणि बदलांच्या नोंदी) ट्रॅक नावाच्या वेगळ्या व्यवस्थेत असतात, तिथे आधी जुनी तिकिटं शोध, नसेल तर काढ, 'अ‍ॅक्सेप्टेड' (तिकीट मान्य) झालं की मग पॅच, म्हणजे तुझा बदल. टेस्ट नसेल तर 'नीड्स टेस्ट्स'वर टिक पडते, बस तिथेच. आणि स्वतःच्या पॅचला स्वतः 'रेडी फॉर चेकइन' (जँगोत घ्यायला तयार) करू नकोस हं, ते दुसऱ्या कुणी रिव्ह्यू करून करायचं असतं.

तोवर साइट अडवून ठेवू नकोस, स्लगचं स्वतःचं फंक्शन लिही, मॉडेलमध्ये साधं कॅरफील्ड (साध्या मजकुराचा रकाना) घे, यूआरएलमध्ये एसटीआर कन्व्हर्टर (कुठलाही मजकूर चालवून घेणारा). काम होतं.