लॅशचा दर ठरवण्याआधी घड्याळ लाव

अगं, लॅश एक्स्टेंशन म्हणजे पापणीच्या केसांवर कृत्रिम केस चिकटवणं; त्याचा दर ठरवताना शेजारच्या पार्लरचा दर बघून आपला दर लावू नकोस. आधी मैत्रिणीला झोपवून एक पूर्ण क्लासिक सेट (प्रत्येक केसावर एकेक एक्स्टेंशन) कर आणि वेळ मोज. सुरुवातीला 3 तास सहज जातात. त्यात ग्लू, डोळ्याखाली लावायचे आय पॅड, टेप, जागेचं भाडं धर आणि वर तुझी मजुरी. पहिले काही सेट सरावाचे म्हणून कमी पैशात करशील, तर तसं आधीच स्पष्ट सांग. नाहीतर पुढे दर वाढवणं जड जातं. 2-3 आठवड्यांनी रिफिल (गळलेल्यांच्या जागी नवी एक्स्टेंशन) लागतं, त्याचाही दर पहिल्याच दिवशी सांग.

लावताना घाई अजिबात नको. पापणीच्या एका केसावर एकच एक्स्टेंशन, पापणीच्या कातडीपासून साधारण 1 मिलिमीटर सोडून. दोन केस एकमेकांना चिकटले तर वाढताना ओढले जातात, मुळं दुखतात. ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेटचा असतो, हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात तो चटकन धरतो; थेंब वरचेवर बदल.

आणि पॅच टेस्ट, म्हणजे थोडा ग्लू लावून अ‍ॅलर्जी होते का ते बघणं, 24 ते 48 तास आधी, अगदी ओळखीची बाई असली तरी. माझ्याकडून एकदा राहिली, दुसऱ्या दिवशी त्या ताईंचे डोळे सुजले. तेव्हापासून टेस्टशिवाय मी कुणालाच बेडवर घेत नाही.