गोव्यात झोनिंगचे नियम वापरून गरीब वस्त्यांतली तंबाखूची दुकानं कमी करता येतील का?

येतील, पण नुसत्या झोनिंगने, म्हणजे कुठल्या जागेचा वापर कशासाठी हे ठरवण्याने, नाही. तुम्ही लिहिलंय की मजुरांच्या वस्तीत दर दहा पावलांवर पुड्या लटकतात, बंगल्यांच्या बाजूला मात्र एकही गाडा नसतो, आणि हे नगरनियोजनातून सुधारेल का. हे प्रकरण मी आमच्या गावात अंगावर घेतलंय. त्यापायी माझा सख्खा चुलतभाऊ आजतागायत माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

फोंडा तालुक्यात औद्योगिक वसाहतीला लागून आमचं गाव. 2018 साली मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाची अध्यक्ष होते. शाळेसमोर शेत, शेतापलीकडे भावाचा गाडा. ओमलेट-पाव, भजी, सोडा, आणि पुढच्या फळीला खिळ्यांवर खैनीच्या, पानमसाल्याच्या माळा. माळांखालीच पेपरमिंटची बरणी. तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत दहाची नोट घेऊन यायची. एकदा मी तिच्या मागेच उभी होते. माळ बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येत होती. तिने मागितलंही नाही, सवयीने बापासाठी एक पुडी तोडून घेतली आणि उरलेल्या पैशांचं पेपरमिंट घेतलं.

कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. 2003 च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रणाच्या केंद्रीय कायद्याचं कलम 6, शाळेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरांत, विक्री नाही. मी तक्रार दिली. पंच म्हणाले, रस्त्याने मोजा. रस्ता शेताला वळसा घालून जातो, 130 मीटर भरले. मग मी गवंड्याची टेप आणली, नवऱ्याला एक टोक धरायला लावलं आणि शाळेच्या कुंपणापासून शेताच्या मेरेवरून सरळ मोजलं. 67 मीटर. अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून त्रिज्येने मोजायचं असं नियमातच आहे. तो कागद नेऊन ग्रामसभेत वाचला. भाऊ उठून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "बाय, गरिबाच्या पोटावर पाय देतेस."

गाडा हलला. कुठे, तर पुढच्या वळणावर, कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या दारात. शाळेपासून शंभर मीटरच्या वर, त्यामुळे कायद्याला तक्रार नाही. दोन वर्षांत त्याच्या शेजारी आणखी चार गाडे लागले. आमच्या शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं त्याच खोल्यांतून येतात. ती मुलगीसुद्धा. तिला आता शेतसुद्धा ओलांडावं लागत नव्हतं. मी टेप घेऊन जे केलं त्याने शिक्षकांच्या नजरेसमोरून पुड्या गेल्या आणि मुलांच्या उंबरठ्यावर येऊन बसल्या. हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की नुसती अंतराची अट वाईटच. ती दुकान फक्त ढकलते, आणि ते ढकललं जातं जिथे कोणी तक्रार करणार नाही तिथे. त्यासोबत एका भागात किती परवाने, याची मर्यादा हवी. सॅन फ्रान्सिस्कोने 2014 साली तसा नियम केला. शहराच्या प्रत्येक प्रभागात जास्तीत जास्त 45 विक्रेते, त्यावर नवा परवाना नाही, शाळेपासून आणि दुसऱ्या तंबाखू विक्रेत्यापासून 500 फुटांतही नाही. तिथेही गरीब प्रभागांत दुकानांची गर्दी आणि श्रीमंत भागांत तुरळक, असंच होतं.

आपल्याकडे ओडीपी (शहराचा विकास आराखडा) किंवा प्रादेशिक आराखडा तुम्हाला जागा सेटलमेंट, म्हणजे राहण्याची, की कमर्शियल, म्हणजे व्यापाराची, एवढंच सांगतो. फळीला काय लटकतं ते त्याला दिसत नाही, आणि गाड्याचा तर इमारत म्हणूनही हिशेब नाही. किल्ली आहे ती पंचायतीच्या आणि पालिकेच्या परवान्यात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2017 साली राज्यांना लिहिलंच होतं, की तंबाखूसाठी वेगळा परवाना ठेवा आणि त्या दुकानात चॉकलेट, बिस्किटं, चिप्स विकू देऊ नका. पेपरमिंटची ती बरणी आठवते का? नेमकी तीच गोष्ट.

लोक म्हणतात गोव्याला याची गरजच नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, गोव्यात 9.7. डॉ. शरद वैद्यांसारख्या माणसाने इथे तंबाखूविरुद्ध लढण्यात आयुष्य वेचलं, 1997 चा धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा झाला, 2005 मध्ये गुटखा बंद झाला. मला या सगळ्याचा अभिमान आहे. पण 9.7 हा अख्ख्या राज्याचा आकडा आहे. वसाहतीमागच्या खोल्यांच्या एका रांगेत काय चाललंय ते त्यात दिसत नाही.

राहिला पोटावर पायाचा प्रश्न. भावाची कमाई ओमलेट-पावाची होती, हे त्याच्या आईने, माझ्या काकूने, मला स्वतः सांगितलंय. पुड्यांवर सुटणारे पैसे किरकोळ, त्या ठेवायच्या कारण गिऱ्हाईक त्यासाठी थांबतं. आणि गरीब कोण? रोजच्या मजुरीतून चाळीस-पन्नास रुपये त्या माळेवर घालवतो तो बिहारचा माणूस नाही का गरीब? माझ्या भावाला हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मर्यादा आली तरी चालू दुकानं लगेच उठत नाहीत, नवीन थांबतात एवढंच, फरक दिसायला वर्षं जातात. आणि कलम 6 चा दंड 200 रुपयांपर्यंतच आहे. अठराखालच्या मुलाला पुडी देणाऱ्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण शेजाऱ्यावर ते लावायला कोण जाणार? मीही गेले नाही.

ग्रामसभेत ठराव मांडणार असाल तर आधी गावातल्या सगळ्या गाड्यांचा नकाशा हाताने काढून न्या. मी फक्त एकाच गाड्याचं अंतर नेलं होतं, म्हणून ते माझं आणि भावाचं भांडण ठरलं.